बाबागाडी आणि तीन उंबरठे

ज्यांना हेडफोन लावण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना मी जिथे जिथे "ॲक्च्युअली" म्हटलंय ते सगळं गाळलंय. रेकॉर्डिंगमध्ये मागे एक बाळ ओरडतंय, ते लिहिता येत नाही. ते बाळ माझंच आहे आणि आजच्या एपिसोडचं कारणही तेच आहे.

तर झालं असं. बायकोची बाळंतपणाची रजा संपली. आपल्याकडे २०१७ मध्ये कायदा बदलला आणि ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. छान झालं. पण खासगी नोकरीतल्या बापाला किती रजा द्यावी, याबद्दल तो कायदा काही बोलत नाही. मला मिळालेले दिवस हॉस्पिटलच्या फाइली सांभाळण्यातच संपले होते. म्हणून मग साठवलेली रजा आणि वर थोडी बिनपगारी, असं जोडून मी एक महिना घेतला. बायको सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडली, आणि घरात उरलो मी आणि आमची सहा महिन्यांची ठमी. (ठमी हे पाळण्यातलं नाव नाही, माझ्या आईने ठेवलेलं लाडाचं आहे.)

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीकडे बघत बसलो होतो आणि ठमी माझ्याकडे बघत होती. म्हटलं, हे काही खरं नाही. बाहेर पडूया. मॉलमध्ये जायचं नव्हतं. इतिहासाचा पॉडकास्ट चालवतो मी, पण ज्या वाड्यांबद्दल बोलतो त्यातल्या निम्म्यांत मी शाळेच्या सहलीनंतर पाऊल ठेवलेलं नाही. म्हणून ठरवलं, आठवड्यातून एक जुनं घर. बाबागाडी घ्यायची, पिंपरीहून मेट्रो पकडायची आणि पेठांमध्ये उतरायचं.

बाबागाडी हा शब्द मला फार आवडतो. बाबा म्हणजे बाळ, हे माहितीये. पण ढकलणारा मीच असल्यामुळे माझ्यापुरता मी अर्थ बदलून घेतलाय.

आता एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती पुढे सगळीकडे येणार आहे. बाप एकटा बाबागाडी घेऊन दिसला, की लोक एकच प्रश्न विचारतात. "आई कुठेय हिची?" मेट्रोच्या लिफ्टमध्ये, रसवंतीवर, सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षातून. वाईट हेतू कोणाचाच नसतो. काकू खरंच काळजीने विचारतात. मी "ऑफिसला गेलीये" म्हटलं की "अगंबाई" म्हणतात आणि ठमीकडे अशा नजरेने बघतात, जसं काही तिला बसस्टॉपवर विसरून कोणीतरी गेलंय.

हा प्रश्न लक्षात ठेवा.

पहिला उंबरठा: शनिवारवाडा

थोडं ट्रिव्हिया. लहान मुलांना बसवून ओढायची पहिली गाडी इंग्लंडमध्ये १७३३ मध्ये विल्यम केंट नावाच्या वास्तुरचनाकाराने एका ड्यूकच्या मुलांसाठी बनवली, असं सांगतात. ती ढकलायची नव्हती, तिला छोटं जनावर जुंपायचे. आणि शनिवारवाड्याची वास्तुशांत कधीची? २२ जानेवारी १७३२. पायाभरणी त्याआधी दोन वर्षं, १० जानेवारी १७३०. म्हणजे वाडा आणि बाबागाडी जवळपास एकाच वयाचे. पण दोघांची भेट व्हावी अशी वाडा बांधणाऱ्यांची काही इच्छा नव्हती.

दिल्ली दरवाजासमोर बाबागाडी घेऊन उभे राहा म्हणजे कळेल. दाराच्या एकेका फळीवर ७२ खिळे, प्रत्येक साधारण फूटभर लांब, हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर. हत्तीने धडक देऊ नये म्हणून. उजव्या फळीत खाली एक छोटी दिंडी आहे. रोजची ये-जा तिथून, कारण एका वेळी एकच माणूस वाकून आत येणार. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत फायरवॉल, एकच पोर्ट उघडा. दार फोडून कोणी आत आलंच, तरी लगेच एक काटकोनातलं वळण उजवीकडे आणि मग एक डावीकडे, म्हणजे धावत आलेल्या फौजेचा वेग तिथेच मोडणार. फौजेचं काय होत असेल माहीत नाही, माझी बाबागाडी मात्र नीट वळेना.

आत गेल्यावर घर असं काही उरलेलं नाही. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. लाकडी मजले, महाल, सगळं गेलं. आता दिसतात ती जोती, कुठे गुडघ्याएवढी तर कुठे कमरेएवढी. शाळेत असताना मला ही जागा कंटाळवाणी वाटली होती. "इथे हा महाल होता, तिथे तो महाल होता" असं गुरुजी सांगत होते आणि आम्ही डबा कधी उघडायचा ते बघत होतो.

या वेळी मी हजारी कारंज्यापाशी थांबलो. सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ. हे कारंजं कोणासाठी बांधलं म्हणे? एका लहान मुलासाठी. सवाई माधवरावासाठी.

त्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, पण एकदा बापाच्या नजरेतून ऐका. ३० ऑगस्ट १७७३ ला याच वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ते अठरा वर्षांचे होते आणि त्यांची बायको गंगाबाई गरोदर होती. कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेलं आणि १८ एप्रिल १७७४ ला तिथे मुलगा झाला. राघोबांच्या गोटातून शंका घेतली गेली की हे मूल खरंच नारायणरावांचं का? बारभाईंना मात्र हे मूल हवं होतं. सगळा डाव त्याच्यावरच उभा होता. साताऱ्याहून वस्त्रं आली आणि ४० दिवसांचं बाळ पेशवा झालं.

४० दिवस. पूर्वी मी हे वाचलं की "अरे वा, इंटरेस्टिंग" म्हणून पुढे जायचो. आता माझ्याकडे फोनमध्ये ठमीचा ४० व्या दिवसाचा व्हिडिओ आहे. ती मान धरत नव्हती. दूध पिताना दमून झोपायची. तिला ढेकर काढायला मला वीस मिनिटं लागायची. असल्या बाळाच्या नावाने फौजा निघाल्या, तह झाले. तीन वर्षांनी, १७७७ मध्ये, गंगाबाईही गेल्या. म्हणजे या एवढ्या मोठ्या घरात त्या मुलाला बापही नव्हता आणि आईही नव्हती. कारभारी होते, पहारा होता, सोळा पाकळ्यांचं कारंजं होतं. ऑक्टोबर १७९५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो याच वाड्यात वरून पडला आणि गेला. उडी मारली की तोल गेला, यावर इतिहासकार अजून भांडतात.

मी हे सगळं रेकॉर्ड करायला फोन काढला आणि त्याच वेळी ठमीने भोकाड पसरलं. बाटली दिली, नको. दुपटं बदललं, नको. कडेवर घेऊन चार जोती फिरवली, नको. शेवटी मी काय केलं असेल? बायकोला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. हळू आवाजात म्हणाली, "तुझ्याकडेच आहे ना ती?" आणि ठेवला.

मला राग आला. घरी येईपर्यंत होता. मग लक्षात आलं, की रिक्षातल्या काकू जे विचारतात तेच मी विचारलं होतं. आई कुठेय हिची?

दुसरा उंबरठा: राजाचं घर

पुढच्या आठवड्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय. मंडई स्टेशनला उतरून चालत. मेट्रोत बाबागाडी लोण्यासारखी चालते, स्टेशनबाहेरचं मात्र तुम्हाला माहितीये. फुटपाथवर दुचाक्या, आणि दुचाकी नसेल तिथे फुटपाथ नसतो.

इथे जिने आहेत, म्हणून गाडी खालीच ठेवली आणि ठमीला कडेवर घेतलं. आणि ते बरंच झालं, कारण हे संग्रहालय बाबागाडीच्या उंचीवरून बघायचं नाहीच. इथे तलवारी-ढाली कमी, घर जास्त. दिवे, अडकित्ते, कुलपं, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दारं, वाद्यं, खेळणी. संग्रह वीस हजार वस्तूंच्या पुढे, त्यातला थोडाच भाग एका वेळी मांडलेला. कोथरूडचा मस्तानी महालही इथे आणून उभा केलाय. हे सगळं जमवलं दिनकर गंगाधर केळकरांनी. जन्म १८९६, चष्म्यांचा व्यवसाय, 'अज्ञातवासी' या नावाने कविता. पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव फिरून, लोक मोडीत काढत होते त्या वस्तू ते घेत राहिले. पुढे सगळं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं.

मग नावातला "राजा" कोण? मला बरीच वर्षं वाटायचं की ही पदवी असावी. रावबहादूर असतं तशी. राजा हा त्यांचा मुलगा. सात वर्षांचा असताना गेला. त्याचं नाव त्यांनी या घराला दिलं.

खेळण्यांच्या कपाटापाशी मी जरा जास्त वेळ उभा राहिलो. ठमी काचेवर हात आपटत होती आणि काचेला लाळ लागत होती. मी लाळेऱ्याने पुसत होतो. याबद्दल जास्त बोलत नाही. तुम्ही जाल तेव्हा दारावरची पाटी एकदा पूर्ण वाचा एवढंच म्हणतो. पुण्यात थोरांची नावं दिलेल्या इमारती पुष्कळ आहेत. सात वर्षांच्या मुलाचं नाव दिलेली मला ही एकच माहीत आहे.

तिसरा उंबरठा: गंज पेठ

तिसऱ्या आठवड्यात महात्मा फुले वाडा. गंज पेठ, आता त्या पेठेलाही महात्मा फुले पेठ म्हणतात. वाडा म्हटल्यावर शनिवारवाडा डोळ्यांसमोर आणू नका. हे एक बसकं, कौलारू, साधं घर आहे. आवारात विहीर, जोतिरावांची समाधी. इथे हत्ती येणार नव्हता, त्यामुळे दाराला खिळे नाहीत. पुढची चाकं थोडी उचलली की झालं.

आपल्याला शाळेत शिकवतात ते म्हणजे १८४८, मुलींची शाळा. ते महत्त्वाचंच. १८६८ मध्ये फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हेही पुस्तकात असतं. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १८६३ मध्ये, इथे जे सुरू झालं त्याचं नाव आपण परीक्षेपुरतं पाठ करतो आणि विसरतो. बालहत्या प्रतिबंधक गृह. नाव एवढं सरकारी वाटतं, की आत काय चालायचं ते डोळ्यांसमोर येतच नाही.

सुरुवात झाली काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेपासून. फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनी तिच्या मागे लागून तिला फसवलं. दिवस गेले. गर्भ पाडायची औषधं घेतली, पण ती लागू पडली नाहीत. मुलगा झाला. अब्रू जाईल या भीतीने तिने तो मारला आणि घरामागच्या विहिरीत टाकला. दोन दिवसांनी पोलिसांनी पकडलं, पुण्यात खटला चालला आणि तिला काळ्या पाण्याची जन्मठेप झाली.

विधवेला पुन्हा लग्न करता येईल असा कायदा १८५६ मध्येच झाला होता. पण कायदा होणं आणि घरात तो चालणं यात केवढं अंतर असतं, हे काशीबाईच्या गोष्टीत दिसतं. लग्न करायचं नाही, केस ठेवायचे नाहीत, कोणी हात धरला तर दोष हिचाच, आणि मूल झालं तर ते कुठे गेलं हे विचारायचं नाही.

फुल्यांनी स्वतःच्या आवारात जागा केली आणि ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील नोटिसा चिकटवल्या. सारांश एवढाच, की इथे गुपचूप येऊन बाळंत व्हा, मुलाला न्यायचं की ठेवायचं हे तुम्ही ठरवा, ठेवलंत तर आम्ही सांभाळू. विचार करा, १८६३ मध्ये पुण्याच्या भिंतींवर ही नोटीस लागली असताना सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाने ती वाचली असेल तेव्हा काय झालं असेल.

या सगळ्याचा हिशेब स्वतः फुल्यांनी लिहून ठेवलाय. ४ डिसेंबर १८८४ ला, बेहरामजी मलबारींनी सक्तीच्या वैधव्यावर जे टिपण काढलं होतं, त्यावर मत देताना. तोपर्यंत या घरात ३५ गरोदर विधवा आल्या आणि बाळंत झाल्या. त्यातली जिवंत राहिलेली मुलं किती? पाच. बाकीची तीस गेली. कारण फुले सांगतात, की दिवस लपवायला आयांनी आधीच विषारी औषधं घेतलेली असायची आणि पोटातच मुलाला इजा झालेली असायची.

पस्तीसातून पाच. मी रोज डॅशबोर्ड बघणारा माणूस आहे. कुठलाही आकडा दिसला की आधी टक्केवारी काढतो. इथे काढावीशी वाटली नाही. ठमीच्या खाण्यापिण्याची नोंद ठेवायला आम्ही एक ॲप वापरतो. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यात चार वेळा दूध, एकदा नाचणीचं सत्त्व, पाच लंगोट आणि पाऊण तासाची एक झोप होती. हे एका बाळाचं, तेही धडधाकट बाळाचं. या घरात दार वाजायचं तेव्हा बाहेर एक घाबरलेली बाई असायची आणि तिच्या पोटातलं मूल आधीच अर्धं विष पचवून आलेलं असायचं. वीस-एकवीस वर्षं सावित्रीबाई आणि जोतिराव ते दार उघडत राहिले. यश पस्तीसात पाच एवढंच येतंय, हे दिसत असूनही.

याच घरात १८७४ च्या सुमारास आणखी एका विधवेला मुलगा झाला. तिचंही नाव काशीबाईच होतं. फुले दांपत्याला मूल नव्हतं. त्यांनी हा मुलगा दत्तक घेतला. यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले, तेव्हा भाऊबंदांनी हरकत घेतली की दत्तक मुलाने टिटवं धरायचं नाही. म्हणजे बाळ कोणाचं, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हताच. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. सात वर्षांनी पुण्यात प्लेग आला. यशवंतने गावाबाहेर दवाखाना उघडला. मुंढव्यात एक मुलगा आजारी आहे म्हटल्यावर सावित्रीबाईंनी त्याला पाठुंगळीला मारून तिथवर आणलं. तो वाचला, असं सांगतात. त्यांना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. वय ६६.

मी आवारात बसून हे सगळं डोक्यात जुळवत होतो आणि ठमी उठली. भोकाड, नेहमीप्रमाणे. फोन खिशातच होता. या वेळी नाही काढला. बाटली काढली तर झाकण निसटून अर्धं पाणी माझ्या पँटवर. शेजारी एक आजी बसल्या होत्या, बहुतेक बाहेरगावहून आलेल्या असाव्यात. मी तयारच होतो, आता विचारणार, आई कुठेय हिची.

त्या म्हणाल्या, "आण इकडं. मी धरते तिला, तू दूध बनव."

बास. एवढंच. ठमी त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या हिरव्या बांगड्या चोखत होती आणि मी पावडर मोजत होतो. दूध प्यायल्यावर त्यांनी तिला माझ्याकडे दिलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि आपल्या माणसांबरोबर निघून गेल्या. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मलाही ऑफिसात रोज विचारतात, बाळ कोणाकडे असतं म्हणून. मी सांगते, बाबाकडे. तरी पुढे विचारतात, नाही पण *सांभाळतं* कोण?" दोघंही हसलो. मग ती थोडं रडली. मग ठमी उठली आणि तो विषय तिथेच राहिला.

मला या तीन घरांतून जे कळलं ते साधं आहे. बाबागाडी घेऊन गेलात की घराच्या उंचीकडे लक्ष जात नाही, उंबरठ्याकडे जातं. आणि मग प्रश्न पडतो, की या दारातून कोणाचं बाळ आत घेतलं जायचं? शनिवारवाड्यात वारस हवा होता म्हणून ४० दिवसांच्या बाळाला वस्त्रं दिली. गंज पेठेतल्या बाळांकडून कोणाला काहीच मिळणार नव्हतं. तरी तिथलं दार उघडं होतं, आणि आत येणाऱ्या बाईला कोणी "याचा बाप कुठेय" विचारत नव्हतं.

आता जे खरंच बाळ घेऊन जाणार आहेत त्यांच्यासाठी. शनिवारवाड्याला सकाळी लवकर जा, आत सावली कमी आहे, टोपी आणि पाणी न्या. केळकर संग्रहालयात कडेवर किंवा झोळीत न्या, गाडीचा काही उपयोग नाही, आणि घाई करू नका. फुले वाडा लहान आहे, बघून अर्ध्या तासात होईल, पण तासभर ठेवा. हलकी, घडी होणारी गाडी घ्या. मोठ्या चाकांची ती महागडी पेठेत चालवायची म्हणजे ट्रक चालवण्यासारखं आहे. आणि बाटलीचं झाकण नीट लावा.

आणि रस्त्यात बाबागाडीवाला बाप दिसला, तर त्याला आई कुठेय ते विचारू नका. गाडी उचलायला एक हात लावा.

माझी रजा संपायला सहा दिवस उरलेत. पुढचा एपिसोड कुठून येईल माहीत नाही, पण येईल. तुमच्या गावात असं एखादं घर असेल तर मेसेज करा. भेटूया!